मध वरच्या फळीवर

आजी-आजोबा राहायला आले की मुलांचं वेळापत्रक कोलमडतं, हे अगदी खरं. पण आमच्या बेळगावातल्या घरात मला ते हवंसंच वाटतं. थोरली साडेचार वर्षांची. शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड, आणि संध्याकाळी आम्ही दोघं दमलेले, जेमतेम बोलणारे. खानापूरहून सासू-सासरे आले की ती मामंजींना 'ओंदु, एरडु, मूरु' शिकवते, ते तिला 'बे एके बे'. गेल्या खेपेला त्यांच्याच सुरात म्हणाली, "आजोबा, उठा की!" मला भरून आलं.

एका बाबतीत मात्र मी ठाम राहिले. धाकटा 8 महिन्यांचा. सासूबाई प्रेमानं आणलेला रानातला मध त्याला चाटवणार होत्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते साध्या उकळण्यानंही मरत नाहीत. हे मी त्यांना स्वयंपाकघरात, दोघीच असताना सांगितलं. चारचौघांत बोलले असते तर त्या नक्की दुखावल्या असत्या.

त्यांनी लगेच नाचणीचं सत्त्व शिजवलं, मीठ-गूळ न घालता. मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली आहे, त्याचा पहिला वाढदिवस होईपर्यंत.