जुन्या पिकअपच्या डिझेल पंपातून कुईंऽऽ आवाज, पंप खोलावा का?

टोमॅटोवाला_जुन्नर:
गाडी 2007 ची डिझेल पिकअप, साधा रोटरी पंप, कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल) नाही. रात्री माल भरून माळशेजमार्गे वाशी मार्केटला जातो. आळेफाट्याला टाकी फुल करतो. ओतूरपर्यंत गाडी गुपचूप चालते, पण मढ जवळ आलं की बॉनेटखालून पंपाच्या बाजूने बारीक कुईंऽऽ सुरू होतं. रेस दिली की आवाज चढतो, आणि जरा चढ लागला की गाडी ओढतच नाही. चहाला थांबून परत चालू केली की थोडा वेळ ठीक. येताना रिकाम्या गाडीला काही नाही. फिल्टर नवा आहे. महिनाभरापूर्वी गावात डिझेल चोरी झाली म्हणून कुलपाचं झाकण बसवलं, बाकी गाडीला हात लावलेला नाही. मेकॅनिक म्हणतो पंप उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून सेटिंग करायला) द्या. टोमॅटोला भाव नाही, त्यात हा खर्च. काय करू?

ह्यूस्टनकर:
माझ्या 1998 च्या पिकअपला असाच आवाज यायचा. चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, टाकीजवळ कान लावा. दोनेक सेकंद घूंऽ ऐकू आलं पाहिजे. माझा पंप टाकीतच होता, तोच गेला होता. टाकी कायम तळाला ठेवू नका. पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं.

डिझेलमामा:
ह्यूस्टनकर, तुमची गाडी पेट्रोलची, पंप विजेवर चालणारा. यांचा पंप इंजिनवर फिरतो, चावी ऑन करून काय ऐकणार?

जुन्नरवाले दादा, पंपाला पाना लावू देऊ नका. खरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत: कुलपाचं झाकण. डिझेल खर्च होतं तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. बाजारातल्या काही झाकणांना ती वाटच नसते. मग टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल कमी पडतं. फुल टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. येताना टाकी अर्धी असते, म्हणून आवाज नाही. थांबलात की हळूहळू हवा शिरते, गाडी सुधारते.

आवाज आला की गाडी बाजूला घ्या, इंजिन चालूच ठेवा, झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि आवाज बसला, तर विषय संपला.

नाही बसला तर स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, कॅन उंचावर ठेवा आणि नळी थेट फिल्टरला जोडा. आवाज गेला तर दोष मागे: टाकीतली जाळी नाहीतर पाइप. फिल्टर ते पंप पारदर्शक नळी टाकून बुडबुडे बघा. दिसले तर बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर बदला. एवढं करूनही आवाज राहिला तर बेल्ट काढून क्षणभर इंजिन चालवा. अल्टरनेटरचं बेअरिंग अगदी पंपासारखं रडतं. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

पण असंच दामटत राहू नका. रोटरी पंपाला आतून वंगण डिझेलचंच, उपाशी चालला तर खरंच जाईल.

पिंट्या_ड्रायव्हर:
मामा, एकेक नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) नट सैल करून बघितला तर?

डिझेलमामा:
ते ठोक्याच्या आवाजासाठी. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर ठोका थांबतो, तिथलं नोझल बघायचं. यांचा आवाज ठोक्याचा नाही. आणि कॉमन रेलच्या गाडीवर हा उद्योग कधीच करायचा नाही. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीतून आत घुसते. बोट कापायची वेळ आलेली माणसं आहेत.

टोमॅटोवाला_जुन्नर:
मामा, काल मढच्या अलीकडे झाकण उघडलं. एवढ्या जोरात फुस्स झालं की क्लीनर मागे सरकला! मिनिटभरात आवाज गायब. तसंच सैल ठेवून वाशीपर्यंत गेलो, कुठे कुरकुर नाही. आता या झाकणाला बारीक भोक पाडू का? कुलूप पाहिजेच, चोर अजून गावातच आहे.

डिझेलमामा:
भोक नको. माळशेजच्या पावसात टाकीत पाणी जाईल, मग पंपाचं खरंच दुखणं निघेल. हवेची वाट असलेलं कुलपाचं झाकण मिळतं, दुकानात तसं सांगून मागा. तोवर कुलपाआधीचं जुनं झाकण लावा. आणि झाकण सैल ठेवून गेलात ना, तेव्हा फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडून घ्या.

टोमॅटोवाला_जुन्नर:
सोडलं. अर्धा कप निघालं.

डिझेलमामा:
मग पुढच्या खेपेआधी परत एकदा सोडा.