रेक्सच्या बोली: भाषा एकच की अनेक?

प्रश्न (नवा_ऑपरेटर)

मेनफ्रेमवरील (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावरील) बॅच कामांची देखरेख करणाऱ्या गटात मी अलीकडेच रुजू झालो असून आमच्याकडे रेक्स या आयबीएमच्या स्क्रिप्ट-भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टांचा मोठा साठा आहे. त्यांतील काही टीएसओसाठी (मेनफ्रेमवर आज्ञा देऊन काम करण्याच्या वातावरणासाठी) लिहिलेल्या आहेत, तर काही जुन्या व्हीएम यंत्रणेवरून (मेनफ्रेमच्या दुसऱ्या कार्यप्रणालीवरून) जशाच्या तशा आणलेल्या दिसतात. त्यांचा तर्क लिनक्सवर रेजिना हा इंटरप्रिटर वापरून तपासता यावा अशी माझी इच्छा आहे. परंतु काही स्क्रिप्टा तिथे सुरुवातीलाच थांबतात आणि काही विनातक्रार चालून भलतेच उत्तर देतात. भाषांच्या लोकप्रियतेच्या याद्यांमध्ये रेक्स जवळजवळ दिसत नाही, मग ती मनापासून शिकावी का? आणि तिच्या बोली एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या आहेत का, की प्रत्येक यंत्रणेसाठी वेगळी स्क्रिप्ट सांभाळावी लागावी?

उत्तर (हिरवा_पडदा)

या याद्या बहुधा इंटरनेटवरील शोध, चर्चा आणि सार्वजनिक कोड मोजतात. रेक्सचा बहुतेक कोड मात्र संस्थांच्या अंतर्गत डेटासेटमध्ये (मेनफ्रेमच्या फाइलींमध्ये) असतो आणि तो तिथून बाहेर येण्याचे काही कारणच नसते, त्यामुळे त्या याद्यांवरून या भाषेचा अंदाज बांधू नये. झेडओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली जिथे आहे तिथे रेक्स आहेच, वेगळे काही बसवावे लागत नाही. आयएसपीएफ या संपादन-साधनातील एडिट मॅक्रो, नेटव्ह्यू या देखरेख-साधनातील ऑटोमेशन, एसडीएसएफमधून जॉबचे आउटपुट वाचणे, डीबी२ या डेटाबेसला एसक्यूएल पाठवणे, ही सगळी कामे त्याच भाषेत ‘ॲड्रेस’ ही (आज्ञा कोणाकडे जाईल ते ठरवणारी) सूचना बदलून करता येतात.

तिच्या लोकप्रियतेचे मूळही इथेच आहे. माइक काउलिशॉ यांनी १९७९ मध्ये आयबीएममध्ये या भाषेची रचना सुरू केली, तेव्हा व्हीएमवर एक्झेक आणि एक्झेक २ या भाषा होत्या. त्यांत व्हेरिएबल आणि नियंत्रणाचे शब्द यांच्या आधी अँपरसँड लावावा लागे, म्हणजे साधा मजकूर हा नियम आणि तर्क हा अपवाद. रेक्सने हे उलटे केले: तर्क सरळ लिहायचा आणि यंत्रणेला द्यायची आज्ञा अवतरणचिन्हांत ठेवायची. आयबीएमच्या अंतर्गत नेटवर्कवरून वापरकर्त्यांच्या सूचना येत राहिल्या आणि भाषा त्यांच्या हाताला जुळत गेली. १९८३ मध्ये ती व्हीएम/एसपीच्या तिसऱ्या रिलीजबरोबर ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि १९८८ मध्ये टीएसओ/ई आवृत्ती २ मध्ये आली, जिथे तोवर सीलिस्ट या जुन्या आज्ञाभाषेवर काम भागवले जात होते. सीलिस्टमध्ये मजकुराचे तुकडे पाडण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना ‘पार्स’ या सूचनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता झेडओएसवर पायथनही मिळते आणि नवे काम त्यात करायला माझी हरकत नाही. पण हातात असलेला साठा वाचता येणे ही तुमची आजची गरज आहे.

उत्तर (स्टेम_शून्य)

बोलींविषयी माझे मत असे आहे की भाषेचा गाभा फारसा फुटलेला नाही. फुटले आहे ते तिच्या भोवतीचे. प्रत्येक यंत्रणेवर ‘पार्स व्हर्जन’ (इंटरप्रिटरची ओळख सांगणारी सूचना) चालवून पाहा. टीएसओचा इंटरप्रिटर भाषेची पातळी ३.४८ आणि तारीख १ मे १९९२ सांगतो, व्हीएमवरील सीएमएसचा ४.०२ आणि रेजिना ५.००. यांतील ५.०० ही १९९६ च्या एएनएसआय (अमेरिकी मानक संस्था) मानकाची पातळी आहे. ते मानक चांगले असले तरी फार उशिरा आले, असे मला वाटते, कारण तोवर मेनफ्रेम, ओएस/२ आणि अमिगा येथे स्वतंत्र अंमलबजावण्या रुळल्या होत्या आणि चालत्या स्क्रिप्टांना हात लावण्याची कोणाची तयारी नव्हती.

तुमच्या स्क्रिप्टा लिनक्सवर लगेच थांबतात, त्याचे सर्वात संभाव्य कारण ‘एक्झेकआयओ’ (फाइल वाचण्या-लिहिण्याची आज्ञा) हे आहे. ती भाषेची सूचना नसून यजमान यंत्रणेची आज्ञा आहे. लिनक्सवर रेक्स ती शेलकडे पाठवते, शेलला ती सापडत नाही, ‘आरसी’मध्ये (आज्ञेचा परतीचा संकेत ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) शून्येतर आकडा येतो आणि स्क्रिप्ट तरीही पुढे चालते. मग वाचलेल्या ओळींची संख्या ठेवणाऱ्या ‘लाइन.०’ला किंमतच मिळालेली नसते. रेक्समध्ये किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची किंमत म्हणजे त्याचे स्वतःचे नाव, त्यामुळे ‘डू’ लूपला आकड्याऐवजी अक्षरे मिळतात आणि ४१ क्रमांकाची चूक येते. उलट दिशेने, ‘लाइनइन’ हे ओळ वाचणारे फंक्शन वापरणारी लिनक्सवरची स्क्रिप्ट साध्या टीएसओवर नेली तर फंक्शन सापडत नसल्याची ४३ क्रमांकाची चूक मिळते, कारण ही प्रवाही वाचन-लेखनाची फंक्शन तिथल्या मूळ भाषेत नाहीत. गंमत म्हणजे ‘एक्झेकआयओ’ टीएसओ आणि सीएमएस या सख्ख्या भावंडांतही सारखे नाही: टीएसओत डीडीनाव (फाइलला जोडलेले तात्पुरते नाव) द्यायचे, सीएमएसमध्ये फाइलचे नाव, प्रकार आणि मोड.

विनातक्रार भलते उत्तर देणाऱ्या स्क्रिप्टा जास्त धोक्याच्या आहेत. तिथे प्रथम अक्षरसंकेताचा संशय घ्या. मोठ्या ‘ए’ या रोमन अक्षरावर ‘सी२डी’ (अक्षराचा क्रमांक देणारे फंक्शन) चालवले तर मेनफ्रेमच्या ईबीसीडीआयसी या अक्षरसंकेतात १९३ मिळतात आणि लिनक्सवरच्या आस्कीमध्ये ६५. ईबीसीडीआयसीमध्ये ‘आय’ २०१ वर आणि ‘जे’ थेट २०९ वर आहे, म्हणून एक मिळवून पुढचे अक्षर काढण्याची युक्ती तिथे चालत नाही. तुलनेचा क्रमही उलटतो: मेनफ्रेमवर आधी लहान अक्षरे, मग मोठी, शेवटी अंक, आस्कीमध्ये आधी अंक, मग मोठी अक्षरे आणि शेवटी लहान.

उत्तर (ट्रेस_आर)

मेनफ्रेमपुरते वरील विवेचन मला पटते, पण गाभा अखंड आहे हे सरसकट म्हणता येणार नाही. ऑब्जेक्ट रेक्सला (रेक्सच्या वस्तुकेंद्री विस्ताराला) मी बोली म्हणेन: तिचा स्रोत आयबीएमने रेक्स लँग्वेज असोसिएशनकडे सोपवल्यावर २००५ मध्ये ओओरेक्स ३.० आले, आणि त्यात वर्ग व संदेश असूनही शुद्ध तर्काच्या जुन्या स्क्रिप्टा बहुतांशी चालतात. नेटरेक्सचे तसे नाही. तीही काउलिशॉ यांचीच, १९९६ ची, परंतु ती जाव्हाच्या यंत्रावर चालते आणि जुनी स्क्रिप्ट न बदलता तिच्यात चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. घराणे तेच असले तरी मी तिला स्वतंत्र भाषाच मानतो. तुमच्या चाचण्यांसाठी रेजिना किंवा ओओरेक्स यांपैकी एक निवडा आणि नेटरेक्सचा विचार सोडून द्या.

प्रश्न (नवा_ऑपरेटर)

आभारी आहे. ‘एक्झेकआयओ’चा उलगडा आमच्या स्क्रिप्टांना तंतोतंत लागू पडतो. मग एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल तर ती कशी लिहावी?

उत्तर (स्टेम_शून्य)

फाइल वाचणे आणि लिहिणे यांच्या दोन स्वतंत्र सबरूटीन करा. स्क्रिप्ट कुठे चालते ते सांगणाऱ्या ‘पार्स सोर्स’चा पहिला शब्द टीएसओवर ‘टीएसओ’, सीएमएसवर ‘सीएमएस’ आणि लिनक्सवरील रेजिनात ‘युनिक्स’ असा येतो. त्यावरून आत कोणती पद्धत वापरायची ते ठरवा आणि बाकीच्या तर्काला फक्त स्टेम (‘लाइन.’सारखा क्रमांकित व्हेरिएबलांचा संच) द्या. प्रत्येक यजमान आज्ञेनंतर ‘आरसी’ तपासा. मोठी अक्षरे करणारी ‘अपर’ ही सूचना मानकात नाही, तिच्याऐवजी ‘ट्रान्सलेट’ फंक्शन वापरा. अक्षराचा क्रमांक हवा असेल तर स्वतः लिहिलेल्या वर्णमालेत ‘पॉस’ या स्थान सांगणाऱ्या फंक्शनने शोधा. असमानतेसाठी मेनफ्रेमचे नकारचिन्ह वापरू नका, कारण फाइल एका संकेतातून दुसऱ्यात नेताना ते हमखास बिघडते. लहान आणि मोठे ही दोन तुलनाचिन्हे जोडून लिहिली की सगळे इंटरप्रिटर ती असमानता म्हणूनच वाचतात.