मदत हवी आहे: शिक्षा झालेला माणूस कोर्टात साक्ष देऊ शकतो का? मामांना समन्स आलंय

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण कृपया वाचा, घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत.

2023 मध्ये आमच्या गावच्या फाट्यावर राँग साइडने आलेल्या टेम्पोने बाइकवरच्या एका पोराला उडवलं, पोरगा जागीच गेला. मामा समोरच्या टपरीवर होते, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं, पोलिसांनी जबाब घेतला आणि आता साक्षीचं समन्स आलंय. बघणारे तेवढे एकटेच आहेत.

प्रॉब्लेम असा की मामांना स्वतःला पूर्वी शिक्षा झालेली आहे. बांधावरून भावकीत मारामारी झाली होती, कलम 324 (घातक हत्याराने दुखापत) लागलं, वर्षभर आत होते. त्याला पंधरा वर्षं होत आली, त्यानंतर कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावात एक जण म्हणाला असल्या माणसाची साक्ष कोर्ट धरतच नाही, आणि मामी म्हणतात की समोरचा वकील सगळं उकरून काढेल, पोरीचं लग्न जमवायचंय, जाऊच नका. मामांना जायचंय. मला पण वाटतं त्यांनी जावं, त्या पोराच्या आईकडे बघवत नाही हो.

तर साक्ष चालते का? आणि शिक्षेबद्दल विचारलं तर काय सांगायचं?

प्रतिसाद १:
चालते, शंभर टक्के चालते. साक्षीदार कोण होऊ शकतो हे जुन्या 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 118 मध्ये होतं, नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 124 आहे. प्रश्न समजून नीट उत्तर देता येणारा कोणीही साक्ष देऊ शकतो, लहान वय, फार म्हातारपण, आजारपण असल्या कारणाने ते जमत नसेल तरच अडचण. शिक्षेचा त्यात उल्लेखच नाही. नवीन कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला, तुमची केस त्याच्या आधीपासून चालू असेल तर जुनाच कायदा लागेल, पण या मुद्द्यावर फरक काही नाही. अहो, 26/11 च्या केसमध्ये हल्ल्याच्या कटातल्याच डेव्हिड हेडलीची साक्ष 2016 मध्ये मुंबईच्या कोर्टाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेतली, तेव्हा तो अमेरिकेत 35 वर्षांची शिक्षा भोगत होता! तुमचे मामा तर शिक्षा पुरी करून बसलेत.

आणि एकटा साक्षीदार म्हणून पण घाबरू नका, अमुक इतके साक्षीदार पाहिजेतच असं कायद्यात नाही. साक्ष विश्वास ठेवण्यासारखी आहे का एवढंच कोर्ट बघतं.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे, पण उलटतपासात शिक्षेचा विषय निघू शकतो, तेव्हा मामांना एक गोष्ट घोकून सांगा: विचारलं तर हो म्हणायचं, लपवायचं नाही. चारित्र्यावरच्या प्रश्नाला साक्षीदाराने नाही म्हटलं तर एरवी समोरच्याला त्यावर वेगळा पुरावा आणता येत नाही, पण पूर्वीच्या शिक्षेला तिथे अपवाद आहे, नाकारली की ते रेकॉर्ड हजर करू शकतात. मग अपघाताबद्दल खरं बोललेलं पण संशयात जातं, आणि शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

मामींची काळजी खरी आहे, पण वकिलाला वाट्टेल ते विचारता येत नाही. आरोप फार जुना असेल किंवा त्याने साक्षीच्या खरेपणात काही फरक पडत नसेल तर असा प्रश्न गैर ठरतो आणि त्याचं उत्तर द्यायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. नुसता अपमान करायला विचारलेला प्रश्न तर कोर्टाने थांबवायचाच असतो. बांधावरच्या भांडणाचा टेम्पो कुठल्या साइडने आला याच्याशी काय संबंध?

न जाण्याचा विचार मात्र करू नका, समन्स लागून गेलं नाही तर वॉरंट निघू शकतं.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, मामींना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. सरकारी वकिलांना शिक्षेचं आधीच सांगून ठेवावं का? की त्यांनी विचारल्यावर?

प्रतिसाद २:
आधीच. तारखेच्या दिवशी जरा लवकर जा, त्यांना भेटा, शिक्षेचं सांगा आणि पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवायला सांगा. उलटतपासात विषय निघालाच तर फेरतपासात (उलटतपासानंतर सरकारी वकील पुन्हा प्रश्न विचारतात तेव्हा) त्यांना मामांना विचारता येतं की ती केस कशाची होती, किती जुनी, या ड्रायव्हरशी काही वैर आहे का. त्यांना माहीतच नसेल तर ते काय विचारणार. आणि निकालाची कॉपी घरात असेल तर घेऊन जा, वर्ष आणि कलम नीट सांगता येईल.