रात्रीची क्वार्टर आणि पहाटे पावणेचारची धडधड : मदत हवी आहे

नमस्कार. जुन्या आयडीला ओळखीचे लोक वाचतात, म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय.

वय ३८, चाकणला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्यानंतर छातीत धडधड सुरू झाली. बसमध्ये, मीटिंगमध्ये, कधी नुसतं जेवताना. आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. मग चुलतभावाच्या हळदीच्या रात्री दोन पेग घेतले आणि कित्येक महिन्यांनी छाती मोकळी झाली. तो आराम डोक्यातून जाईना. शनिवारचे दोन पेग हळूहळू रोजचे झाले, आणि गेलं वर्षभर रोज एक क्वार्टर. नऊला बसतो, साडेदहापर्यंत संपते.

आता पहाटे पावणेचारला जाग येते, गजर लावल्यासारखी. बनियन घामाने चिंब, छातीत धडधड, आणि कशाची ते न कळणारी भीती. शेजारी मुलगी झोपलेली असते, तिचे श्वास मोजत पडून राहतो. सोमवारी चलनावर सही करताना हात इतका थरथरला की ड्रायव्हरने कागद दोन बोटांनी दाबून धरला. तो काही बोलला नाही, मीही नाही.

मागच्या महिन्यात ठरवून बंद केली. दुसऱ्या संध्याकाळी चहाचा कप धरवेना, भीती दुप्पट. परत घेतली, अर्ध्या तासात सगळं शांत. म्हणून मला वाटतं, मूळ आजार भीतीचा आणि दारू हा त्यावरचा उतारा. बायको म्हणते, नेमकं उलटं आहे. सासुरवाडीचे म्हणतात, "येत्या एकादशीला माळ घाला, त्या दिवसापासून बंद." मलाही ते मनापासून पटतंय. डॉक्टरांना मात्र दारूचं कधीच सांगितलं नाही, लाज वाटली.

कोण बरोबर? आणि माळ घालून एकदम सोडली तर जमेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

रानवाट : व्यसनमुक्ती वॉर्डात १४ वर्षं नर्स आहे. आधी सगळ्यात महत्त्वाचं : घरच्या घरी, डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. तुमची ती दुसऱ्या दिवसाची थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय लागल्याची खूण आहे. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ताप चढतो, ते जिवावर बेतू शकतं. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. डॉक्टर ठरावीक दिवस गोळ्या देऊन, त्या कमी करत नेऊन आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षित पार पाडतात.

आता पावणेचारचं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढतं. नऊपासून तास मोजा, रक्तातली दारू संपत येते ती पहाटेच. मेंदूत गाबा हे शांत करणारं रसायन आणि ग्लुटामेट हे चेतवणारं. दारू गाबाला जोर देते, ग्लुटामेटला दाबते. रोज असं झालं की मेंदू तोल सावरायला उलट्या बाजूने रेटू लागतो. दारू उतरते, रेटा तसाच राहतो. तीच तुमची धडधड, तोच घाम.

वडील गेल्यानंतरची भीती खरी आहे, ती दारूच्या आधीची. पण आजच्या भीतीत तिची किती आणि दारूची किती, हे पिणं चालू असताना कुणालाच सांगता येणार नाही. सुटल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतात. राहिली तर तिच्यावर वेगळे उपचार आहेत, चांगले आहेत. आणि अल्प्रॅझोलमसारखी भीती कमी करणारी गोळी घरात असेल तर दारूवर घेऊ नका, श्वास मंदावतो.

दुसरी_फेरी : मी याच वाटेने गेलोय, दादा. माळ जरूर घाला, मीही घातली आहे. फक्त आधी डॉक्टर, मग एकादशी. चाकणहून पुणे दूर नाही. येरवड्यात आळंदी रोडलाच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली सुरू झालेलं. मी गेलो तेव्हा गेटपाशी अर्धा तास नुसता उभा होतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न आला, "जेवलात का?" लाज तिथेच गळाली. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मोफत.

धागाकर्ता : बायकोला सगळं वाचायला दिलं. तिने काहीच म्हटलं नाही, फक्त उद्याची रजा टाकायला लावली. ताई, एकच विचारतो : आजच्या रात्रीचं काय करू?

रानवाट : आज हट्टाने शून्यावर येऊ नका, रोजच्यापेक्षा एक थेंबही जास्त घेऊ नका. पोटभर जेवा, पाणी प्या. उद्या गाडी तुम्ही चालवू नका. डॉक्टरांना रोज किती आणि शेवटची कधी घेतली ते खरं सांगा, चलनावरच्या सहीचंसुद्धा सांगा. मध्येच आकडी आली, नसलेलं दिसू लागलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता १०८. हे शेवटचं वाक्य वहिनींना आत्ताच वाचून दाखवा.