मदत हवी आहे: मालगुजारीच्या काळातले कागद, फोटो आणि एक कापडी नकाशा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. पणजोबांकडे गावाची मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा जमीनदारी हक्क. १९५१ मध्ये ती गेली (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर), पुढे जमीन हिस्सेवाटणीत गेली, आणि माळ्यावर एक लोखंडी पेटी उरली. या उन्हाळ्यात कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकायचा आहे, म्हणून ती खाली उतरवली.

आत मोडीतल्या कागदांचे गठ्ठे आहेत, कसरीनं जागोजागी जाळी केलेले. लगानाच्या वह्या आहेत. वाजिब-उल-अर्जची (गावच्या वहिवाटी आणि हक्कांच्या नोंदीची) नक्कल आहे, ती देवनागरीत असल्यानं वाचता आली: तलावाचं पाणी आधी कोणत्या बांध्यांना, गुरं कुठं चारायची, सरपणाचा हक्क कोणाचा, सगळं लिहिलेलं. तलाव अजून आहे, पाण्याची भांडणंही आहेत! गावाचा नकाशा कापडावर चिकटवलेला, पण घड्यांवर चिरून त्याचे चौकोन सुटायला आलेत. पणजोबांचा फेटा बांधलेला फोटो भिंतीच्या ओलीनं काचेला चिकटलाय, नेमका चेहऱ्यापाशी. आणि धान मोजायची पितळी पायली, तिच्यावर नाव कोरलेलं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. काकाजी म्हणतात, सगळं लॅमिनेट करू आणि भावाभावांत वाटून टाकू. मोठ्या आईचा भर डांबरगोळ्या आणि निंबाच्या पाल्यावर. चुलतभावाला फक्त जात पडताळणीपुरते १९६७ पूर्वीचे कागद हवेत, बाकी रद्दी. माझं म्हणणं एवढंच की पेटी फुटू नये. गठ्ठे एकत्र आहेत म्हणून कोणता कागद कशाचा ते कळतं, वाटले की कोणालाच काही कळणार नाही.

पावसाळ्याआधी काय काय करता येईल? खर्च फार झेपणार नाही.

बोरू_टाक: लॅमिनेशन अजिबात नका करू जी! गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुढे सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. ऊनही दाखवू नका. सावलीत पसरा, मऊ ब्रशनं धूळ आणि कसर झटका. टाचण्या गंजल्या असतील तर ओढू नका, कागद आणि टाचणीच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी सरकवून आधी टोकं सरळ करा.

मांजरपाट आणा, दोनदा धुऊन खळ काढा, पूर्ण वाळवा आणि त्यात गठ्ठे बांधा. वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो. पेटी चालेल, फक्त आतून गंज नको, आणि विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, वाळवी तिथूनच येते. मोठ्या आईंचा मान राखायचा तर पाला पार वाळवून कापडी पुरचुंडीत, कागदाला न लावता. डांबरगोळ्या राहू द्या. खरा इलाज म्हणजे पावसाळ्यात मधूनमधून उघडून पाहणं.

धानोरा_एक्सप्रेस: फोटो काचेवरून सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट फोटो घ्या, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, समोर काळं कापड धरून म्हणजे प्रतिबिंब येत नाही. बाकीचे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागदांना ३०० पुरे. प्रती दोन घरांत ठेवा. नकाशा आता घडी घालू नका, जाड पाइपावर मांजरपाट गुंडाळून त्यावरून सैल गुंडाळा. चौकोन चिकटवायचे काम मात्र जाणकाराचंच. पायली चिंचेनं घासू नका, नाव झिजतं.

सातबारा: चुलतभावाला सांगा, दाखल्यासाठी कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला तहसीलमधून निघतात का ते आधी पाहा. तिथं घरचा कागद दाखवायचा झाला तरी देऊन येऊ नये, झेरॉक्स द्यावी. मोडीसाठी नागपूरला राज्य पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, तिथं चौकशी करा. सोबत मूळ कागद नेऊ नका, फोटो न्या. आणि गठ्ठे सोडण्याआधी आहे त्याच क्रमानं प्रत्येक पानामागे मऊ पेन्सिलीनं आकडा टाका. पेननं नाही!

वैनगंगाकाठ: बापा, हे सगळं नंतर. आधी मोठ्या आईला फोटो दाखवा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. कोण कोणाचा हे त्यांनाच माहीत असेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. लॅमिनेशन रद्द, काकाजींना हा धागाच वाचून दाखवला. वाटणीवर मात्र ते अडून आहेत. मूळ पेटी एकाकडे आणि स्कॅन सगळ्यांकडे, अशी लिहा-पढी कोणाच्या घरी झाली आहे का? मसुदा असेल तर टाका, मला त्याचीच गरज आहे.