डॅन्यूबमधला बेलुगा स्टर्जन: व्हिएन्नापर्यंत खरंच यायचा का?

डोनाउकर:
मंडळी, मी सध्या व्हिएन्नात असतो. इथला एक सहकारी सांगत होता की पूर्वी काळ्या समुद्रातून बेलुगा नावाचे गाडीएवढे मासे नदीतून पार इथवर यायचे, आणि मग धरण झालं नि संपलं सगळं. नकाशात बघितलं तर नदीच्या वाटेने समुद्र इथून १९०० किमीच्या वर आहे. एवढ्या लांब मासा येईल कशाला? समुद्रात काय कमी आहे त्याला? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

पाणबुड्या:
यायचा की. खायला समुद्र, अंडी घालायला नदी असा त्याचा हिशोब. अंडी चिकट असतात, ती वाहत्या पाण्यात तळाच्या दगडगोट्यांना चिकटून राहतात, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते जमतच नाही. काही मासे वसंतात चढतात आणि त्याच सीझनला अंडी घालतात, काही शरदात नदीत शिरून हिवाळाभर खोल डोहात पडून राहतात नि पुढच्या वसंतात अंडी घालतात, लांबवर जाणारे बहुतेक हेच. पॅसिफिकच्या सामनसारखा (सॅल्मन माशासारखा) हा अंडी घालून मरत नाही, परत समुद्रात जातो.
साइजचं म्हणाल तर व्होल्गाच्या मुखाशी १८२७ साली पकडलेली मादी ७ मीटरच्या वर आणि १५७१ किलो होती म्हणतात. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात. बाकीचे स्टर्जन तळाचे किडे-शिंपले शोधत बसतात, हा मात्र मोठा झाला की मासेच खातो.

कोकणचा_खवय्या:
आपल्याकडे हिल्साचं हेच झालं ना! फराक्का बंधारा १९७५ ला सुरू झाला त्याआधी गंगेतून अलाहाबादपर्यंत जायचा म्हणे. धरणंच वाईट.

उलट_प्रवाह:
धरणाला शिव्या घालायला माझी ना नाही पण व्हिएन्नाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. खाली सर्बिया-रोमानियाच्या सीमेवर नदी अडवणाऱ्या आयर्न गेट्सचं पहिलं धरण १९७२ चं, दुसरं ८४ चं, आणि वरच्या-मधल्या डॅन्यूबमधले मोठे स्टर्जन त्याच्या कितीतरी शतकं आधीच विरळ झाले होते, कारण नदीभर आडवे कुंपण घालून चढणारे मासे अडवायचे आणि मारायचे. मादी वयात यायलाच साधारण १५-२० वर्षं लागतात, त्यानंतरही दरवर्षी अंडी घालत नाही, मध्ये काही वर्षांचं अंतर जातं. अशा माशाची पहिल्या खेपेला चढणारी मादीच कॅव्हियारसाठी, म्हणजे खारवून विकायच्या अंड्यांसाठी, पोट फाडून मारली तर उरणार काय? धरणाने फक्त दार बंद केलं, घर आधीच रिकामं होत आलं होतं. आता डॅन्यूबमध्ये दुसऱ्या धरणाच्या खालचे ८६० किमी तेवढे उरलेत त्याला.
व्होल्गात मात्र धरणाचा फटका थेट आहे, व्होल्गोग्राडच्या धरणाने अंडी घालायच्या जवळपास सगळ्या जागा तोडल्या, तिथे हॅचरीतली पिल्लं सोडून कसंबसं चालवलं. त्यात १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटल्यावर व्होल्गा जिथे मिळते त्या कॅस्पियन समुद्रात चोरटी मासेमारी बेफाम वाढली. त्याच समुद्राला मिळणाऱ्या उरल नदीच्या खालच्या-मधल्या भागात धरण नाही, तरी तिथेही मासा घटलाच, यावरून काय ते समजा.

डोनाउकर:
भारी माहिती, धन्यवाद! मग आता धरणाला माशांसाठी जिना करून देता येणार नाही का? आणि पकडायला अजून परवानगी आहे?

पाणबुड्या:
रोमानियात २००६ पासून बंदी आहे, १९९८ पासून सगळेच स्टर्जन साइटीसच्या (दुर्मिळ प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत. चोरून पकडतात ते वेगळं.
जिन्याचं विचाराल तर सामनसाठी बांधतात तसला इथे कामाचा नाही, हा काही उड्या मारणारा मासा नाही, तळ धरून चालतो, त्यात तीन मीटरचं धूड. समजा चढवलाही, तरी पुढे मैलोन्‌मैल साठलेलं संथ पाणी, आणि अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात ती टर्बाइनमधून कशी सुटणार? चढायची सोय केली तर उतरायचीही करावी लागेल, आणि खरा खर्च तिथे आहे.