सँक्शन : मंजुरी की निर्बंध?

प्रश्न : इंग्रजी बातमीत 'सँक्शन्ड बँक' आलं की मराठीत कधी 'मान्यताप्राप्त बँक' होतं, कधी 'निर्बंध घातलेली बँक'. नेमकं ओळखायचं कसं?

उत्तर : आधी कर्म बघा. कर्ज, रजा, पद, नकाशा अशी मागितलेली गोष्ट असेल तर मंजुरी. देश, कंपनी, बँक, माणूस असेल तर बहुधा निर्बंध. तुमच्या बातमीतली 'मान्यताप्राप्त' बँक म्हणजे सरळ उलटा अर्थ. आधी जोडलेल्या नावावर विसंबू नका. 'यूएस-सँक्शन्ड कंपनी'वर अमेरिकेचे निर्बंध असतात, पण 'यूएन-सँक्शन्ड मोहीम' संयुक्त राष्ट्रांच्या संमतीने चालते. अनेकवचनी 'सँक्शन्स' बातम्यांत जवळपास नेहमी निर्बंधच. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लादले, ते हेच.

पुरवणी : दोन्ही अर्थ एकाच मुळातले. लॅटिन 'सांकिरे' म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणं. 'सेंट', 'सँक्च्युअरी' याच कुळातले. कायदा पक्का करणं आणि तो मोडणाऱ्याला दंड, दोन्ही त्यात आलं. आपला 'शासन' शब्द बघा : महाराष्ट्र शासन आणि गुन्हेगाराला झालेलं शासन. त्यात आपला कधी गोंधळ होत नाही, कारण वाक्यच अर्थ सांगतं.

कर्माच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, कोर्टाच्या बातम्यांतला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ प्रमाणे लोकसेवकावरच्या खटल्याची दखल न्यायालयाने घेण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. तीही सँक्शनच. इथे माणूस समोर असला तरी त्याच्यावर निर्बंध नाहीत आणि त्याला परवानगीही नाही; परवानगी खटल्याला आहे. 'खटला चालवण्यास मंजुरी' असं पूर्ण लिहावं.

आणखी एक : 'लोन सँक्शन झालं' म्हणजे पैसे हातात आले असं नाही. मंजुरीपत्रात रक्कम, व्याजदर, मुदत आणि अटी असतात. कागदपत्रांची कायदेशीर तपासणी, करारावर सह्या हे झाल्यावर पैसे सुटतात, ते 'डिस्बर्समेंट', म्हणजे वितरण. बांधकाम चालू असलेल्या घराचं वितरण टप्प्याटप्प्याने होतं. ५० लाख मंजूर आणि २० लाख वितरित असतील तर व्याज २० लाखांवरच लागतं, म्हणून 'बँकेने ५० लाख दिले' हे भाषांतर चुकतं. वीजबिलावरचा 'मंजूर भार' हाही 'सँक्शन्ड लोड'च : जोडणीला ठरवून दिलेला भार, महिन्यात वापरलेली युनिट्स नव्हेत.